कितव्यांदा?

बेल वाजवून पळून जाणारी पोरं लखनौच्या अलीगंजमध्ये गल्लोगल्ली होती. पण बेल वाजवून शांतपणे जिना उतरून जाणारा पन्नाशीचा माणूस मी एकच पाहिला. ते आमचे सर. आई फोडणी टाकत असली की हटकून त्यांची बेल वाजायची. ती गॅस बारीक करणार, हात पुसणार, कडी काढणार, आणि बघते तर दारात कोणी नाही. कठड्यावरून खाली वाकून पाहावं तर साहेब समोरच्या पानवाल्याच्या बाकड्यावर हाताची घडी घालून बसलेले, नजर आमच्या दारावर. आई दिसली की उठून पुन्हा वर यायचे.

"अहो, दारात उभं राहता येत नाही का जरा?" आई वैतागायची.

"येतं की वहिनी. पण दारात उभा राहिलो की हात पुन्हा बेलकडे जातो. तुम्ही आधीच निघालेल्या असता आणि मी वाजवत सुटतो. मग तुम्ही चिडता. त्यापेक्षा खाली बसलेलं बरं."

आई आत येऊन म्हणायची, "सातारचा माणूस इतका कसा वाया गेला लखनौत येऊन?" पण बेसनाचा लाडू मात्र त्यांच्यासाठी वेगळा ठेवलेला असायचा. बाबा इथल्या संशोधन संस्थेत होते, आमच्याकडे मराठी माणूस यायचा तो सहसा शास्त्रज्ञ किंवा बँकेतला. असा येडा एकच होता, आणि मला सांगायला आवडतं की तो माझा पहिला बॉस होता.

सर हवाई दलात रेडिओ दुरुस्तीवर होते. शेवटची नेमणूक लखनौबाहेरच्या बख्शी का तालाबच्या तळावर. निवृत्त झाल्यावर लोक गावी जातात, घर बांधतात, आंब्याची कलमं लावतात. हे तिथंच राहिले, मौर्याजी म्हणून एका भाजीपाला पिकवणाऱ्याच्या घरी, भाड्याच्या एका खोलीत. लग्न केलेलं नव्हतं. गावी का जात नाही म्हणून विचारलं की म्हणायचे, "खोली हवेशीर आहे." एवढ्यावर विषय संपला. तिथं राहून पुस्तकं आणून स्वतःच प्रोग्रॅमिंग शिकले आणि आमच्या कंपनीत लागले. कंपनी म्हणजे काय, तर अलीगंजमध्ये शाळेच्या गणवेशाच्या दुकानावरचा एक मजला, मालक शुक्लाजी, आणि कॉम्प्युटरसमोर बसलेले आम्ही काही जण.

त्यांची स्कूटर हा एक स्वतंत्र कार्यक्रम होता. एक किक मारायचे, मग थांबायचे. दुसरी किक, मग जास्त थांबायचे. तिसरी किक मारून तर चक्क हेल्मेट काढून झाडाखाली जाऊन उभे राहायचे. लोक मदतीला धावायचे, "अरे सर, लाइए हम मार दें," तर ते हात आडवा करायचे. "नहीं. उसको पेट्रोल गटकने दो." आणि गंमत अशी की ती चालू व्हायचीच. बाकीचे लोक घामाघूम होऊन किका मारत इंजिनात पेट्रोल भरून ठेवायचे, आणि हे झाडाखालून येऊन एका किकेत निघून जायचे.

ऑफिसात कुणी म्हणालं, "सर, नहीं चल रहा," की ते मान वर न करता मराठीत विचारायचे, "कितव्यांदा?"

हा एकच मराठी शब्द सगळ्या ऑफिसला आला. सौरभ नावाचा आमचा प्रोग्रॅमर, अट्टल लखनौकर, तोही फोनवर बायकोला विचारायचा, "कितव्यांदा?" उत्तर "पहली बार" असलं तर सर म्हणायचे, मग थोडं थांब आणि पुन्हा कर. उत्तर "बहुत बार" असलं तर म्हणायचे, मग तू ऐकत नाहीयेस. हे ऐकण्याचं त्यांना फार होतं. हवाई दलाच्या रेडिओवर म्हणे बोलायचं तेव्हा बटण दाबून धरायचं, आणि बोलून झालं की बोट काढायचं. बोट दाबूनच ठेवलं तर समोरचा घसा फोडून उत्तर देत असला तरी तुम्हाला काही ऐकू येत नाही. "निम्मी माणसं," ते म्हणायचे, "बोट काढायलाच विसरतात, आणि म्हणतात समोरचा बोलत नाही."

आणि ती ट्रान्सफॉर्मरची भानगड! ती सांगितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. ऑफिसच्या गल्लीत उन्हाळ्यात वीज जायची, यात नवल काही नाही. नवल हे की यायची आणि लगेच परत जायची. वीज आली की सगळ्या घरांतले कूलर, फ्रीज, पाण्याच्या मोटारी एकदम चालू. ट्रान्सफॉर्मर धप्प. लाइनमन येऊन जोडून जायचा, पुन्हा तेच. सगळी गल्ली वीजखात्याला शिव्या देत बसायची. सर एका दुपारी उठले आणि घरोघर गेले. कुणाला सांगितलं, वीज आली की आधी चहा करून प्या आणि मग कूलर लावा. कुणाला सांगितलं, रेडिओवरचं एक गाणं पूर्ण ऐका. एका आजींना सांगितलं, जपमाळ ओढून झाली की मग मोटार. प्रत्येकाला वेगळं. लोक हसले, पण उन्हानं सगळे इतके कंटाळले होते की ऐकलं. त्या संध्याकाळी वीज आली आणि राहिली. मग एकेका घरातून कूलरचा आवाज सुरू होत गेला, एक, मग जरा वेळानं दुसरा, आणि सर बाल्कनीत उभे राहून ऐकत होते. मी तेव्हा त्यांच्या शेजारी होते. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मलाच उगाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आता कामाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आम्हाला नर्सिंगच्या प्रवेशाचं काम मिळालं होतं. मुलीचा नंबर लागला की तिनं कॉम्प्युटरवर "स्वीकार" दाबायचं. ते आमच्याकडे यायचं, आणि आमच्याकडचा एक प्रोग्रॅम मागच्या मागे, कुणी बघत नसताना, ती स्वीकृती विद्यापीठाच्या सर्व्हरला पाठवायचा. तिकडून "मिळालं" असं उत्तर आलं की काम झालं. नाही आलं तर पुन्हा पाठवायचं. या पुन्हा पाठवण्याला आम्ही रीट्राय म्हणत असू, आणि त्यावरूनच सरांचं आणि शुक्लाजींचं वाजलं.

सौरभनं लिहिलेला रीट्राय एकदम मर्दानी होता. फेल झालं की त्याच क्षणी पुन्हा, पुन्हा फेल तर पुन्हा, जमेपर्यंत. शुक्लाजी खूश. "हमारा सिस्टम हार नहीं मानता," असं ते प्रत्येकाला सांगायचे. सर म्हणाले, दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबा. सगळ्या मुलींच्या स्वीकृती एकाच ठोक्याला पाठवू नका, मागेपुढे करा. आणि काही वेळा करूनही नाही झालं तर ती बाजूला काढून ठेवा, माणूस बघेल.

"माणूस किसलिए?" शुक्लाजी म्हणाले. "माणूस ही रखना है तो सॉफ्टवेअर किसलिए बेच रहे हैं हम?" सरांच्या संगतीत त्यांनाही एखादा मराठी शब्द चिकटला होता.

"मर्यादा संपली की माणूस लागतो," सर म्हणाले, आणि मग हिंदीतही तेच म्हणाले. शुक्लाजींनी त्यांना रेडिओच्या जमान्यातले ठरवून विषय संपवला.

एक गोष्ट मात्र सरांनी रेटून नेली. प्रत्येक स्वीकृतीला एक चिठ्ठी नंबर लावायचा, म्हणजे तीच स्वीकृती चुकून दोनदा पोचली तरी विद्यापीठ ती एकदाच धरेल. त्यासाठी विद्यापीठाच्या बाजूनंही बदल हवा होता. तिथले कॉम्प्युटर सेंटरचे अधिकारी म्हणजे "बाद में आइए" याशिवाय दुसरं वाक्य न येणारे गृहस्थ. सर दुसऱ्या दिवशी गेले. मग दोन दिवसांनी गेले. मग चार, मग अंतर आठवड्याच्याही वर गेलं. कधी सकाळी, कधी जेवणानंतर. भांडले नाहीत, बसून राहिले नाहीत, विचारलं आणि परत आले. पुढचं अंतर इतकं वाढलं की शेवटी अधिकाऱ्यांचाच फोन आला, "अरे फौजी साहब, आप आए नहीं? तबीयत ठीक है?" चिठ्ठी नंबराचं काम त्याच आठवड्यात झालं.

आता तो दिवस. स्वीकृतीचा शेवटचा दिवस, मुदत संध्याकाळी पाचची. सकाळीच सर स्कूटरवर मागे सरिताला बसवून घेऊन आले. सरिता म्हणजे मौर्याजींची मुलगी. सरांना ती "फौजी चाचा" म्हणायची. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता, दुसऱ्या प्रयत्नात. घरी ठरलेलं होतं की या वर्षी झालं तर शिकेल, नाही तर सीतापूरकडचं स्थळ आलं होतं तिथं होकार कळवायचा. तिच्या गावात नेट धड चालत नाही म्हणून सर तिला सरळ ऑफिसातच घेऊन आले. तिनं माझ्या कॉम्प्युटरवर "स्वीकार" दाबलं. स्क्रीनवर आलं, "पाठवत आहे." आणि तिथंच अडकलं.

बघता बघता सगळ्यांचंच अडकलं. विद्यापीठाचा सर्व्हर मुका झाला. आमच्या स्क्रीनवर लाल ओळींचा नुसता पूर. शुक्लाजी ओरडले, "स्पीड बढ़ाओ, और भेजो!" सौरभनं वाढवला. लाल ओळी दुप्पट. सरिता प्लास्टिकच्या खुर्चीत ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली, तिला त्या लाल रंगाचा अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती. दुपारी मौर्याजीही येऊन पोचले, शेतातनं तसेच, पायाला माती.

सर उठून सौरभच्या मागे जाऊन उभे राहिले. "कितव्यांदा?"

"सर, गिनती नहीं है. जितनी बार फेल, उतनी बार फिर से."

"म्हणजे बोट बटणावर दाबून बसला आहेस," सर म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे करून पाठवण्याचं काम बंद केलं. पूर्ण बंद. लाल ओळी थांबल्या. पंख्याचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला.

शुक्लाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "आपने बंद कर दिया? आज? नौकरी जाएगी आपकी."

"जाने दीजिए. पर सर्व्हर को हम ही मार रहे हैं. वो उठता है, और हम सब मिलके उस पर चढ़ जाते हैं. ट्रान्सफॉर्मर भूल गए?"

मला त्या क्षणी कूलर आठवले. सौरभलाही आठवले असणार, कारण त्यानं गुपचूप प्रोग्रॅम उघडला आणि सर सांगतील तसं थांबण्याचं लिहायला लागला. आणि खरं सांगू, मला मजा येत होती. एवढ्या आणीबाणीत मजा येते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मौर्याजींना मात्र मजा येण्याचं काही कारण नव्हतं. विद्यापीठाच्या साइटवर हातानं फॉर्म भरायचीही सोय होती, खाली सायबर कॅफेत रांग लागलेली. त्यांनी सरिताचा हात धरला. "चल बिटिया, हाथ से भर देते हैं."

सर दारात जाऊन उभे राहिले. उभ्या जन्मात कुणाच्या दारात न थांबणारा माणूस.

"मौर्याजी, हाथ वाले फॉर्म पर चिट्ठी नंबर नहीं होता. इसका पहले वाला पहुँच गया होगा तो दो हो जाएँगे. और दो हुए तो नियम है, दोनों रद्द."

"पहुँचा कहाँ है? जवाब तो आया नहीं."

"जवाब नहीं आया, इसका मतलब ये नहीं कि बात पहुँची नहीं."

"और नहीं पहुँची हो तो?"

"तो अपने नंबर से जाएगी. मैं बैठा हूँ."

मौर्याजी सरिताचा हात धरून दारापर्यंत आले. मग म्हणाले, "आपकी अपनी लड़की होती, तब भी रोकते?"

"रोकता. हाथ ज़्यादा काँपते, बस," सर म्हणाले. आणि त्यांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

सरिताच मग परत खुर्चीत जाऊन बसली. "पापा, बैठ जाइए," म्हणाली. "चाचा बैठे हैं ना."

सरांनी कॉम्प्युटर सेंटरला फोन लावला. त्या दिवशी साऱ्या लखनौचे फोन तिकडे वाजत असणार, पण अधिकाऱ्यांनी सरांचा उचलला. सर्व्हर उभा केला की पडतो, उभा केला की पडतो, ते रडकुंडीला आले होते. सर म्हणाले, "हम चुप हो गए हैं. अब उठाइए. और साँस लेने दीजिए." मग फोन ठेवून खाली चहा प्यायला गेले. शुक्लाजी वर येरझाऱ्या घालत होते आणि हा माणूस रस्त्यापलीकडे बशीतून चहा पीत होता. मी कठड्यावरून बघत होते. खाली बसून ते आमच्या ऑफिसच्या खिडकीकडे बघत होते, आईच्या दाराकडे बघायचे अगदी तसे.

वर आले आणि म्हणाले, "एक भेजो. एकच."

सौरभनं एक पाठवली. हिरवी ओळ आली. अख्ख्या दिवसातली पहिली हिरवी ओळ! सर म्हणाले, थांब. मग दुसरी. मग दोन मिळून. मग प्रोग्रॅम आपला आपण चालू लागला, कुणी आता, कुणी जरा नंतर, आणि हिरव्या ओळी त्या संध्याकाळच्या कूलरसारख्या एकेक करून लागत गेल्या. शुक्लाजी खुर्ची ओढून लहान मुलासारखे स्क्रीनला नाक लावून बसले.

सरिताची ओळ आली ती हिरवी नव्हती. पिवळी होती. सौरभ पुटपुटला, "ये क्या है, इसका तो कुछ और ही आया." मौर्याजी उठले. घड्याळात पाचला थोडा वेळ होता आणि खाली सायबर कॅफेची रांग अजून हलत होती.

सरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला आणि ती ओळ वाचली. मग एकदम हसायला लागले. इतके मोठ्यानं हसताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी मॉनिटर मौर्याजींकडे वळवला. तिथं लिहिलं होतं, "यह स्वीकृति पहले ही प्राप्त हो चुकी है." आणि पुढे वेळ होती, सकाळची. तिनं दाबलं त्याच घटकेला ती पोचली होती. फक्त उत्तर वाटेत हरवलं होतं. दिवसभर तिची जागा तिचीच होती, आणि खाली जाऊन हातानं फॉर्म भरला असता तर ती आम्हीच घालवली असती.

मौर्याजींना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ते मटकन खाली बसले, फरशीवरच. सरिता रडत होती आणि हसत होती, आणि सौरभ, ज्याचा रीट्राय बंद पडला होता, तोच सगळ्यात जास्त नाचला. शुक्लाजींनी समोसे मागवले. पुढे कित्येक वर्षं ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "हमारे यहाँ फौजी तकनीक है." सरांची नोकरी जाण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. मी दुसऱ्या कंपनीत गेले, पण लखनौ सोडलं नाही. सर निवृत्त झाले तरी आईकडे येऊन बेल वाजवून जात राहिले. मग एक दिवस सरिताचा फोन आला. ती आता हॉस्पिटलात नर्स होती. "दीदी, चाचा को लकवा मारा है. मेरे ही वॉर्ड में हैं."

उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. डोळे उघडे, पण बघतात की नाही कळत नव्हतं. साताऱ्याहून पुतण्या येऊन डॉक्टरांना भेटून गेला. डॉक्टर म्हणाले, किती समजतंय सांगता येत नाही, फार आशा ठेवू नका. आणि पुढच्या खाटेकडे गेले. त्यांचंही चूक नव्हतं, वॉर्ड भरलेला होता.

सरिता मात्र येता-जाता त्यांच्या खाटेशी थांबायची, "चाचा, चाय पिएँगे?" एवढंच विचारायची आणि निघून जायची. दुरून, दरवाज्यापाशी उभी राहून बघायची. कधी सकाळी, कधी ड्यूटी संपताना, कधी मुद्दाम दोन-दोन दिवस मध्ये जाऊ द्यायची.

"उन्हें समझता है?" मी विचारलं.

"पहुँच रहा है दीदी. जवाब नहीं आ रहा, बस." मग ओढणीनं डोळे पुसून म्हणाली, "चाचा ही तो बोलते थे, मर्यादा खतम हुई तो आदमी लगता है. तो मैं हूँ ना."

असे आठवडे गेले. एका रविवारी मी आईला घेऊन गेले होते. आईनं लाडवाचा डबा आणला होता, कुणाला देणार होती देव जाणे. सरिता आली, खाटेशी वाकली. "चाचा, चाय पिएँगे?" नेहमीसारखी वळली आणि दरवाज्याकडे चालू लागली.

मागून एक घोगरा, जडशीळ आवाज आला. जीभ वळत नव्हती, पण शब्द ओळखू येत होता.

"कि... कितव्यांदा?"

सरिताला मराठी येत नाही. हा एक शब्द येतो. ती जागीच उभी राहिली, मग धावत आली, त्यांचा हात धरला आणि रडता रडता म्हणाली, "गिना नहीं, चाचा. गिना ही नहीं."

सरांच्या कपाळावर ती जुनी आठी पडली, मोजदाद न ठेवणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली. मी हसत होते आणि मला समोरचं काही दिसत नव्हतं. आईनं डबा उघडला, लाडवाचा अगदी बारीक तुकडा केला आणि खाटेशी बसली.

"बेल ऐकू येत होती की हो तुम्हाला," ती म्हणाली. "दारापर्यंत यायला वेळ लागला, इतकंच."